अमेरिकेत मत कुठे, किती आणि कोणत्या आवाजात: खेळ, राजकारण, शेजार

अमेरिकेत नव्याने नोकरीला लागलेला मराठी माणूस ऑफिसातल्या गप्पांत दोनपैकी एक करतो. मान डोलावत गप्प बसतो, नाहीतर चहाच्या टपरीवर बोलावं तसं आरोग्यविम्यापासून बंदुकांपर्यंत सगळ्यावर पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकतो. पहिल्याला लोक शिष्ट समजतात, दुसऱ्याला जेवायला बोलवायचं टाळतात. इथे विषय जितका क्षुल्लक तितकं ठासून बोलायची मुभा, आणि विषय जितका जिव्हारी लागणारा तितका आवाज खाली. रविवारच्या सामन्यात पंच कसा आंधळा होता यावर कोणाशीही तावातावाने बोला. गर्भपात, बंदुका, धर्म यांवर मात्र समोरच्याने विचारल्याशिवाय तोंड उघडू नका.

खेळ

पहिलं काम संघ निवडायचं, आणि त्याचा निकष एकच: राहता तिथला. जिंकणारा संघ पाहून निवडलात तर कोणी तोंडावर बोलणार नाही, पण तुमच्या मताला काडीची किंमत राहणार नाही. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला उलट सहानुभूती मिळते, आणि कुरकुर करायचा कायमचा परवाना.

गाव आणि संघ यांचा मेळ नावावरून लागेलच असं नाही. अमेरिकन फुटबॉलमधले जायंट्स आणि जेट्स दोन्ही ‘न्यूयॉर्क’चे म्हणवतात, पण खेळतात न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला, म्हणजे त्याच राज्यातल्या एडिसनकरांना दोन्ही आपलेच, त्यातला एक धरा. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स २०१४ पासून सांता क्लारात खेळतात, डॅलस काउबॉइज आर्लिंग्टनमध्ये. शिकागोत बेसबॉलचे दोन संघ आहेत, उत्तरेचा कब्स आणि दक्षिणेचा व्हाइट सॉक्स. ‘मला दोन्ही आवडतात’ म्हणणारा तिथे बाहेरचाच ठरतो.

कॉलेजचा खेळ ही आणखी वेगळी भानगड. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांच्या सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठात पाट्यांवरचं ‘एम’ हे अक्षर फुली मारून झाकतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी किंवा मॉरिसव्हिलला राहायला जाणार असाल तर निळा शर्ट घालण्याआधी छटा पाहा: गडद निळा ड्यूकचा, फिकट निळा चॅपल हिलचा. दोन्ही विद्यापीठांत जेमतेम दहा मैलांचं अंतर आहे, त्यामुळे तुमच्या टीममध्ये दोन्हीकडचे लोक असणार.

फुटबॉलचे नियम कामापुरते एवढे: एका संघाचे ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, म्हणजे चार ‘डाउन’. १० यार्ड झाले की पुन्हा नवे चार. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्याचे, ६ गुण, त्यावर किक मारून १ किंवा पुन्हा आत घुसून २. फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू किक मारून खांबांमधून घातल्याचे, ३. १५ मिनिटांचे चार भाग, पण घड्याळ सारखं थांबत असल्याने सामना तीन तासांच्या वर जातो.

गप्पांसाठी खरी खाण आहे चौथा डाउन. तीन प्रयत्नांत १० यार्ड झाले नाहीत तर प्रशिक्षकापुढे तीन वाटा असतात: लांब किक मारून चेंडू समोरच्यांच्या हद्दीत खोल ढकलून द्यायचा, फील्ड गोल मारून पाहायचा, किंवा जोखीम घेऊन चौथ्यांदा पुढे घुसायचं. शेवटची वाट फसली तर चेंडू जागच्या जागी प्रतिस्पर्ध्याला मिळतो. प्रत्येक सामन्यात हा पेच येतो आणि दर सोमवारी निम्मं ऑफिस म्हणतं किक मारायला हवी होती, निम्मं म्हणतं घुसायला हवं होतं. यावर कोणीही मत देऊ शकतं, कारण निकाल लागल्यावर सगळेच शहाणे असतात. किकचं अंतर काढायची युक्तीही लक्षात ठेवा: चेंडू ज्या यार्डाच्या रेषेवर आहे त्यात १७ मिळवायचे, कारण मागच्या पट्ट्याचे १० आणि किक मारणारा मागे उभा राहतो त्याचे साधारण ७. तिसाव्या यार्डावरून मारलेली किक म्हणजे ४७ यार्डांची. हे पटकन सांगता आलं की पुढचे नियम लोक हौसेने शिकवतात.

दुःख किती करायचं हे सामन्यांच्या संख्येवर ठरतं. एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचे, ३२ संघ १८ आठवड्यांत प्रत्येकी १७ सामने खेळतात, सप्टेंबरपासून. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी. एक हार म्हणजे आठवडाभराचं सुतक. बेसबॉलला मार्चअखेरपासून प्रत्येकी १६२ सामने असतात, तिथे मंगळवारच्या हारीवर गळा काढणारा हास्यास्पद दिसतो. बास्केटबॉल आणि आइस हॉकी मधे कुठेतरी, ऐंशीच्या थोडे वर सामने.

काही शेरे टाळा. ‘हातानेच खेळता, मग याला फुटबॉल का म्हणता?’, ‘एवढी चिलखतं कशाला?’, ‘फक्त अमेरिकेतलेच संघ, मग वर्ल्ड सीरीज कसली?’ हे तिन्ही त्यांनी प्रत्येक परदेशी माणसाकडून ऐकलेले असतात. (बेसबॉलमध्ये कॅनडातला टोरंटोचा संघही आहे, तेव्हा तिसरा धड बरोबरही नाही.)

मार्चमध्ये ऑफिसात ब्रॅकेट फिरतं, म्हणजे कोणता सामना कोण जिंकेल याचा अंदाज भरायचा तक्ता. कॉलेज बास्केटबॉलच्या या स्पर्धेत ६८ संघ असतात. आधीच्या चार लढतींनंतर ६४ उरतात आणि पुढे ६३ सामन्यांत एकदा हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकन. संघांची यादी रविवारी संध्याकाळी जाहीर होते आणि मुख्य फेरी गुरुवारी दुपारी सुरू होते, तेवढ्यात तक्ता भरायचा. काही माहीत नसताना भरायचा असेल तर असा भरा:

१. पहिल्या फेरीत १ आणि २ मानांकन असलेले सगळे पुढे पाठवा. पुरुषांच्या स्पर्धेत २०२५ पर्यंत १६व्या मानांकनाने पहिल्याला फक्त दोनदा हरवलं होतं: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला, २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला.

२. पाचव्याविरुद्ध बाराव्या मानांकनाच्या चार लढतींपैकी एका-दोन ठिकाणी बाराव्याला जिंकवा. हा उलटफेर नेहमीचा आहे.

३. अंतिम चारांत चारही अव्वल मानांकित घालू नका. तसं २००८ आणि २०२५ अशा दोनच वेळा झालं आहे. दोन किंवा तीन घाला.

४. साहेबांच्या कॉलेजला दुसऱ्या फेरीत हरवायचं असेल तर खुशाल हरवा. त्याची चेष्टा महिनाभर चालते आणि ती प्रेमाची असते.

पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचेच तक्ते फाटतात. पैसे लावायचे नसतील तर ‘मी नुसताच खेळतो’ म्हटलं तर कोणी आग्रह करत नाही.

प्रत्यक्ष सामन्याला जाताना पिशवी पाहून घ्या. एनएफएलच्या मैदानांत पारदर्शक पिशवीच चालते, जास्तीत जास्त १२ बाय ६ बाय १२ इंच. त्याशिवाय तळहाताएवढी, साडेचार बाय साडेसहा इंचांची छोटी पर्स. पाठीवरची सॅक घेऊन गेलात तर फाटकावरून गाडीपर्यंत परत चालत जावं लागतं, आणि तो वाहनतळ अफाट असतो. त्याच वाहनतळात तीन-चार तास आधीपासून लोक शेगड्या मांडून बसलेले असतात; आमंत्रण असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. शाकाहारी असाल तर आपल्यापुरते मक्याची कणसं आणि पनीरचे तुकडे न्या. ते आपल्यापुरते उरत नाहीत, म्हणून दुप्पट न्या. राष्ट्रगीताला उभं राहायचं, टोपी काढायची. छातीवर हात ठेवण्याची अपेक्षा नागरिक नसलेल्यांकडून नसते. कोणी उभं राहिलं नाही तर तिकडे बघू नका, शेरा तर मुळीच नको. २०१६ मध्ये फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकल्यापासून तो प्रश्न खेळाचा राहिलेला नाही.

क्रिकेटबद्दल कोणी विचारलं तर नियमांचं कीर्तन नको. ६ जून २०२४ ला टेक्ससमधल्या ग्रँड प्रेअरीत अमेरिकेने टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, आणि ती ओव्हर टाकणारा मुंबईचा सौरभ नेत्रावळकर ओरॅकलमध्ये इंजिनीअर होता, एवढं सांगा. कुतूहल असेल तर पुढचं ते विचारतील.

राजकारण: आधी कायदा, मग गप्पा

बोलण्यात चुकलात तर फार तर अवघडलेपण येतं. कागदावर चुकलात तर ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्ही अडचणीत येतं. म्हणून आधी कागद.

वाहन परवाना काढताना किंवा नूतनीकरणाला गेल्यावर मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो, कारण १९९३ च्या कायद्याने ती सोय तिथे जोडली आहे. खिडकीतला कारकून घाईत ‘मतदार म्हणून नोंदवू का?’ असं विचारतो आणि माणूस सवयीने ‘हो’ म्हणतो. नागरिक नसाल तर इथे स्पष्ट ‘नाही’. सही करण्याआधी छापील कागदावर किंवा पडद्यावर नागरिकत्वाच्या रकान्यात काय खूण आहे ते वाचा. नागरिकत्वाच्या अर्जात पुढे थेट विचारतात की तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, मतदान केलं का. चुकून नोंदणी झालीच असेल तर आपणहून पत्र पाठवून रद्द करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा आणि मतदानाला अजिबात जाऊ नका. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारखी मोजकी गावं स्थानिक निवडणुकीत बिगरनागरिकांना मत देऊ देतात, पण तिथेही वकिलाला विचारूनच.

देणगीचं असं: एच-१बी, एफ-१ वगैरे व्हिसावर असलेल्याने गावच्या शाळा मंडळापासून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत कुठल्याही निवडणुकीत उमेदवाराला पैसे देणं बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाला देऊ शकतो. विनावेतन स्वयंसेवक म्हणून पत्रकं वाटायला, फोन करायला सगळ्यांनाच परवानगी आहे. मित्राच्या कार्डावरून देणगी देऊन त्याला नंतर रोख परत करणं हाही गुन्हाच.

‘इथे भाषणस्वातंत्र्य आहे’ या भरवशावर ऑफिसात बोलू नका. ते स्वातंत्र्य सरकारपासून आहे, खाजगी मालकापासून नाही, आणि बहुतेक राज्यांत मालक कारण न देता कामावरून काढू शकतो. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याची कलमं ११०१ आणि ११०२ कर्मचाऱ्याच्या राजकीय कामाला संरक्षण देतात, न्यूयॉर्कमध्ये कामाच्या वेळेबाहेरच्या प्रचाराला संरक्षण आहे. बाकी ठिकाणी राज्यागणिक पाहावं लागतं. गंमत म्हणजे पगाराबद्दल सहकाऱ्यांशी बोलण्याचा हक्क खाजगी कंपन्यांतल्या साध्या कर्मचाऱ्यांना १९३५ च्या कायद्याने दिला आहे, आणि तरीही ‘तुला किती मिळतात?’ हा प्रश्न तिथे असभ्यच मानला जातो.

व्हिसाचा अर्ज भरताना मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहून द्यावी लागतात, हा नियम २०१९ पासूनचा. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. त्यामुळे रात्री दोन वाजता रागाच्या भरात काही लिहिण्याआधी पुढचं स्टॅम्पिंग कधी आहे ते आठवावं.

महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. मंडळ ५०१(सी)(३) खाली करमुक्त असेल तर कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध जाहीर करता येत नाही; १९५४ पासून तसा कायदा आहे. गणपतीत उमेदवार आरतीला येऊ शकतो, पण व्यासपीठावरून ‘यांनाच मत द्या’ म्हणणं, मंडळाच्या ईमेल यादीवरून प्रचार करणं, एका पक्षाला फुकट आणि दुसऱ्याला पैसे घेऊन स्टॉल देणं, हे सगळं बाद. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ ची निवडणूक जिंकून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात गेले. असा आपला माणूस उभा राहिला की उत्साह अनावर होतो आणि नेमकी तेव्हाच चूक होते. वैयक्तिक खात्यावरून, मंडळाचं पद न लिहिता, नागरिक सदस्याने काय तो प्रचार करावा.

नागरिक झालात आणि मतदानाला निघालात तर कपडे बघा. टेक्सस, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी या तिन्ही राज्यांत केंद्रापासून १०० फुटांत प्रचार चालत नाही. उमेदवाराच्या नावाची टोपी किंवा टी-शर्ट म्हणजे प्रचारच. टेक्ससमध्ये मतदानाच्या जागेपासून १०० फुटांत फोनही वापरता येत नाही, सेल्फी बाहेर आल्यावर.

आता गप्पा. लाल रंग इथे डाव्यांचा नाही, रिपब्लिकनांचा, निळा डेमोक्रॅटांचा. ही वाटणी २००० च्या निवडणुकीपासून पक्की झाली. राज्याच्या रंगावरून समोरच्याचा रंग ठरवू नका: टेक्सस लाल म्हणतात, पण ऑस्टिन निळं, कॅलिफोर्निया निळं म्हणतात, पण बेकर्सफील्डच्या आसपासचा भाग लाल. शिवाय दहापैकी चारेक अमेरिकन स्वतःला कोणत्याच पक्षाचे म्हणवत नाहीत. त्यामुळे ‘तुम्ही कोणाला मत दिलं?’ हा प्रश्न पगाराच्याच रांगेत बसवा.

समोरच्याने विषय काढला तर आधी त्याचं ऐकून घ्या आणि एखादा खरा प्रश्न विचारा, माहितीचा. प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, न्यूयॉर्कला पक्षात नोंदणी असल्याशिवाय मत देता येत नाही आणि टेक्ससमध्ये पक्षनोंदणी हा प्रकारच नाही, असे बारकावे विचारले की लोक खुलून बोलतात. मत द्यायचंच असेल तर ‘आय सी इट अ लिटल डिफरंटली’ अशी सुरुवात चालते. आपलं ‘तुझं चुकतंय’ किंवा ‘छे, तसं नाही ते’ हे मराठीत साधं असतं, पण इंग्रजीत जसंच्या तसं नेलं की थोबाडीत मारल्यासारखं वाटतं. खेळाच्या वादात ते खपतं, इथे नाही. मोदी, ट्रम्प यांची तुलना करणारं भाषण तर कोणीही मागितलेलं नसतं.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कोणाकडे बोलावलं असेल, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, तर टेबलावर दोन पिढ्यांचं राजकारण आदळणार हे धरून चला. त्यावर घरचेच एक उपाय ठेवतात: टीव्ही. डेट्रॉइट लायन्स आणि डॅलस काउबॉइज दर थँक्सगिव्हिंगला घरच्या मैदानावर खेळतात, पहिला संघ १९३४ पासून, दुसरा १९६६ पासून. काका तापायला लागले की ‘लायन्सचं काय झालं?’ एवढं विचारा. यजमानीण मनातून आभार मानेल.

स्थानिक प्रश्नांवर मात्र मन मोकळं करा. मालमत्ता कर (न्यू जर्सीत तर हा हमखास चालणारा विषय), शाळेचं बजेट, पानं उडवणाऱ्या यंत्रांचा सकाळी सातचा आवाज, खड्डे. गावच्या कौन्सिलच्या बैठकीत जनतेला बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो, सहसा माणशी तीन मिनिटं, आणि बोलायला सहसा नागरिकत्व लागत नाही. आधी नावनोंदणी करा, माइकवर नाव आणि पत्ता सांगा, आणि एकच मागणी मांडा. तीन मिनिटांत साधारण ३५० शब्द बसतात. तीन प्रश्न घेऊन गेलात तर दुसऱ्याच्या मध्यात घंटा वाजते.

शेजार आणि टिप

बसून जेवायच्या हॉटेलात १८ ते २० टक्के टिप, कर धरण्याआधीच्या रकमेवर. वेटरच्या पगाराची संघराज्याची किमान मर्यादा १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट आहे, म्हणून टिप हा पगाराचाच भाग. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना, अलास्का इथे वेटरलाही पूर्ण किमान वेतन मिळतं, तरी टिपेचा दर उतरलेला नाही. डोक्यात हिशोब करायचा तर न्यूयॉर्क शहरात बिलावरच्या कराची दुप्पट करा (८.८७५ टक्के, म्हणजे पावणेअठरा), न्यू जर्सीत तिप्पट (६.६२५ टक्के, म्हणजे जवळपास वीस). सहा-आठ जणांच्या बिलात टिप आधीच जोडलेली असू शकते. ते न बघता दुप्पट देऊन येणारे खूप. घरपोच जेवणाला १५ टक्के किंवा किमान तीन ते पाच डॉलर. काउंटरवर सामोसा उचलून दिल्यावर मालक पडदा फिरवून २५ टक्क्यांचं बटण दाखवतो, तिथे बिनदिक्कत शून्य दाबा. अमेरिकन लोकही याला कंटाळलेत, आणि टिपेवर कुरकुर करणं हा सगळ्या पक्षांना चालणारा विषय आहे.

वाहनतळात वापरलेली सामानाची गाडी जागेवर नेऊन लावा. ही बारीकशी गोष्ट इथे माणसाची परीक्षा समजतात आणि त्यावर मतं तिखट असतात. अल्डीत तर २५ सेंटचं नाणं घातल्याशिवाय गाडी सुटत नाही. शाळेची पिवळी बस लाल दिवे लावून थांबली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात. तिथे घाई केलीत तर दंड होतोच, वर गावभर नाव होतं.

शिकागोत बर्फ उपसून मोकळी केलेली जागा राखायला लोक तिथे जुनी खुर्ची ठेवतात. कायद्याने त्या जागेवर कोणाचाच हक्क नसतो, पण ती खुर्ची हलवू नका. गाडीचं काय होईल सांगता येत नाही. बॉस्टनमध्ये हिमवादळाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास अशी राखण चालवून घेतात, साउथ एंड सोडून. त्यानंतर ठेवलेली वस्तू कचऱ्यात जाते.

मुलांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणावर ‘दोन ते चार’ लिहिलेलं असेल तर दोनला पोहोचा आणि चारला निघा. साडेतीनला येऊन सहापर्यंत बसणारा पाहुणा त्यांना छळ वाटतो. धाकट्या भावंडाला आणायचं तर आधी विचारा. भेटवस्तू तिथल्या तिथे उघडत नाहीत, तेव्हा किंमत न दाखवणारी बदलीची पावती आत टाका. डब्यातून काही नेत असाल तर शेंगदाण्याचा कूट आहे का ते झाकणावर लिहा. साबुदाणा खिचडीत तो असणारच, आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याची जीवघेणी अॅलर्जी असू शकते.

शेजाऱ्याबद्दल तक्रार असेल तर आधी स्वतः जाऊन दार वाजवा, दिवसा, हसून. नाही जमलं तर मेसेज. थेट सोसायटीकडे किंवा पोलिसांकडे जाणं कायद्याने बरोबर असलं तरी संबंध संपवतं. आपल्याकडून आवाज होणार असेल, उदाहरणार्थ विसर्जनाला ढोल-ताशा, तर उलट्या बाजूने तेच: शहराकडून ध्वनीचा आणि मिरवणुकीचा परवाना लागतो का ते महिनाभर आधी विचारा, आणि आठवडाभर आधी आसपासच्या घरांत चिठ्ठी टाका. चिठ्ठीत सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, एक फोन नंबर आणि ‘बघायला या’ एवढं लिहा. संपण्याची जी वेळ लिहिली त्याच्या दहा मिनिटं आधी ताशा थांबवा, कारण ढोलवाले लगेच कधीच थांबत नाहीत.